गार्डिनरचं करायचं काय? पाडायचा, झाकायचा की असाच ठिगळं लावत ठेवायचा?

तळ्याकाठचा

मे महिन्यात आई-बाबा टोरांटोला आले होते. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त, आयुष्य पूल आणि मोऱ्या बांधण्यात गेलेलं. पहिल्याच रविवारी म्हटलं, चला, तळं दाखवतो. युनियन स्टेशनला उतरलो आणि यॉर्क स्ट्रीटने दक्षिणेला निघालो. नकाशात बघाल तर हाकेच्या अंतरावर पाणी. प्रत्यक्षात आधी रेल्वेखालचा तो अंधारा बोगदा, मग लेक शोअरचा सिग्नल, डोक्यावर गार्डिनर हा खांबांवरचा महामार्ग, तो संपतो न संपतो तोच हार्बर स्ट्रीटचा सिग्नल.

गार्डिनरखाली बाबा एकदम थांबले. मला वाटलं, दमले. तर ते मान वर करून छत बघत होते.

"कव्हर गेलंय याचं. सळई दिसतेय बघ, तिथे, तांबूस."

मग खांबावरून खाली आलेला एक पांढरट ओघळ बोटाने दाखवला. "जॉइंट गळतोय. पाणी मुरतंय इथे."

आई म्हणाली, "अहो, आपण पाणी बघायला आलोय ना? मग ते तिकडे आहे. चला."

शेवटी तळ्यापाशी पोचलो. आई खूश. बाबा मात्र परत येताना पुन्हा त्याच खांबापाशी थांबले.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. गावाच्या आणि पाण्याच्या मध्ये साठ वर्षांपूर्वीचा खांबांवरचा महामार्ग. दर काही वर्षांनी कोट्यवधी डॉलर त्यात ओतायचे, लेन बंद करायच्या, पुन्हा उघडायच्या. माझं मत सरळ आहे, पाडून टाका. खाली झाडांचा रुंद रस्ता करा, ट्राम आणा, माणसांना पाण्यापर्यंत जाऊ द्या. तुम्हाला काय वाटतं?

दुसरा_गियर

वाटतं एवढंच की रविवारी पायी फिरणाऱ्यांनी सोमवारी गाडी चालवणाऱ्यांना विचारून धागे काढावेत.

मी एटोबिकोहून रोज याच रस्त्याने पूर्वेला जातो. गाडीत हत्यारांची पेटी, शिडी, कधी बॉयलरचे भाग. ट्रेनने जा म्हणणाऱ्यांनी ती शिडी घेऊन एकदा ट्रेनमध्ये चढून दाखवावं. २०२४ च्या वसंतात डफरिन ते स्ट्रॉन पट्ट्याचं काम काढलं आणि एका बाजूच्या तीन लेनच्या दोन केल्या, तेव्हा काय हाल झाले ते आठवतं का? घरून निघायची वेळ पाऊण तास अलीकडे आणली होती मी. बायको म्हणायची, तू आता रात्रीच तिकडे जाऊन झोपत जा. एक लेन गेली तर ही गत. तुम्ही अख्खा रस्ता काढायला निघालात.

उगाच_एक

वाचतोय. (खांबाआड उभा राहून.)

रेवा_क

थोडा इतिहास, म्हणजे भांडण तरी नीट होईल.

मुळात जुना किनारा फ्रंट स्ट्रीटपाशी होता. नावच बघा ना. त्याच्या दक्षिणेचं जवळपास सगळं भराव घालून केलेलं आहे, आधी गोद्या आणि रेल्वेसाठी. त्यामुळे "गार्डिनरने गावाला तळ्यापासून तोडलं" हे अर्धसत्य. तोडायचं काम रेल्वेने त्याच्या शंभर वर्षं आधी सुरू केलं होतं.

गार्डिनर बांधला १९५५ ते १९६६ या काळात, टप्प्याटप्प्याने. नाव फ्रेडरिक गार्डिनर यांचं, मेट्रो टोरांटोचे (शहर आणि उपनगरं मिळून असलेल्या तेव्हाच्या महानगर संस्थेचे) पहिले अध्यक्ष, टोपणनाव 'बिग डॅडी'. पश्चिमेला सनीसाइडची किनाऱ्यावरची जत्रा उठली, पार्कडेलच्या दक्षिणेची वस्ती गेली. फोर्ट यॉर्कच्या किल्ल्यावरूनही रस्ता न्यायचा बेत होता. इतिहासप्रेमी मंडळी अडून बसली म्हणून तो किल्ल्याला वळसा घालून गेला. आजही नकाशात तो वळसा दिसतो. मला ती वेलांटी फार आवडते. लोक अडून बसल्याची खूण आहे ती.

पूर्वेला डॉन नदीपलीकडे लेस्ली स्ट्रीटपर्यंत एक शेपूट होतं. पुढे स्कारबरोपर्यंत नेणार होते, ते कधी झालंच नाही. ते शेपूट २००१ पर्यंत पाडून टाकलं. जग बुडालं नाही. काही खांब मुद्दाम ठेवलेत, शिल्पासारखे.

दुसरा_गियर

शेपूट कापणं वेगळं, कणा काढणं वेगळं.

शब्दखुणे

अवांतर: धाग्यात सगळे 'खांबांवरचा महामार्ग' म्हणताहेत. याला मराठीत 'उन्नत मार्ग' असा शब्द आहे.

खडूस_काका

मार्ग उन्नत, अवस्था अवनत. शासकीय मराठीची कमाल. उड्डाणपूल म्हणा की.

शब्दखुणे

उड्डाणपूल एखादा चौक किंवा रूळ ओलांडतो आणि खाली उतरतो. हा सहा-सात किलोमीटर उतरतच नाही. त्याला उड्डाण कसं म्हणायचं? हे तरंगणं झालं.

उगाच_एक

त्रिशंकू मार्ग. धागाकर्त्यांना पाडायचाय, दुसरा_गियर यांना ठेवायचाय, महापालिका लटकवते.

खांबेकर

माझं पोट या विषयावर चालतं, त्यामुळे जरा लांबण लावतो. (कुठे काम करतो ते विचारू नका.)

धागाकर्त्याच्या बाबांना सलाम. खालून नुसतं बघून रोग ओळखला. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळून खारं पाणी होतं, ते डेकच्या (वरच्या रस्त्याच्या लादीच्या) जोडांमधून आणि बारीक भेगांतून खाली झिरपतं आणि सळईपर्यंत पोचतं. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या आकारमानाच्या कैक पट जागा मागतं. काँक्रीट दाबाला घट्ट असलं तरी ताणाला कच्चं, मग ते आतून फुटतं आणि खपली पडते. वरून रस्ता गुळगुळीत असतो तेव्हाही हे चालू असतं, म्हणून गाडीवाल्याला कधीच पटत नाही की पूल आजारी आहे. हातोडीने ठोकत गेलात की भरीव काँक्रीट 'टण्' वाजतं आणि सुटलेलं 'बद्द'. माठ घेताना आपण वाजवून बघतो तसंच. सुटलेलं लोंबणारं काँक्रीट ते पडायच्या आधी आपणच पाडायचं, हे इथलं नेहमीचं काम आहे.

डफरिन-स्ट्रॉनमध्ये झालं ते निव्वळ ठिगळ नव्हतं. डेक आणि गर्डर (डेकखालच्या तुळया) नवे बसवले. जार्विस ते चेरी हा पट्टा त्याआधीच तसा केला. म्हणजे खांब जुने, डोक्यावरचं ओझं नवं. नव्वदीच्या आजोबांना नवे गुडघे बसवण्यासारखं. चालतील ते, नक्की चालतील. पण पळायला लावू नका.

आणि दुसरा_गियर, ते काम पुढे ऑन्टॅरिओ प्रांताच्या पैशाने चोवीस तास चालवलं, त्यामुळे मुदतीच्या बरंच आधी संपलं. तेवढं श्रेय द्या.

दुसरा_गियर

दिलं. चोवीस तास काम करता येतं हे कळायला आधी आम्हाला काही महिने लटकवलं, तेही लिहून ठेवा.

पालोआल्टोची_मावशी

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूची, १९८७ पासून इथे आहे. तुमचा वाद वाचून जुने दिवस आठवले. आमच्याकडे एम्बार्काडेरो फ्रीवे होता, दुमजली, अगदी पाण्याच्या कडेने, फेरी बिल्डिंगच्या तोंडासमोरून. मार्केट स्ट्रीटने खाली यायचं आणि समोर घड्याळाच्या मनोऱ्याची कंबर कापल्यासारखी. १९८६ मध्ये तो पाडावा का यावर मतदान झालं आणि लोकांनी चक्क नाही म्हटलं.

मग १७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटं. मी ऑफिसातून निघत होते. जमीन हलली म्हणजे काय हे सांगता येत नाही. पायाखाली कोणी गोधडी झटकावी तसं वाटलं. पलीकडे ओकलंडमध्ये असाच दुमजली सायप्रस व्हायाडक्ट कोसळला, वरचा मजला खालच्यावर. तिथे ४२ माणसं गेली. एम्बार्काडेरो पडला नाही, पण जायबंदी झाला आणि बंद करावा लागला. बंद असताना लोकांच्या लक्षात आलं की गाव चालतंय.

तरी पाडायचा ठराव नगरमंडळात सहा विरुद्ध पाच असा काठावर पास झाला. चायनाटाउनचे दुकानदार चिडले होते, कारण त्यांचं गिऱ्हाईक त्याच रस्त्याने यायचं. महापौर आर्ट अ‍ॅग्नोस १९९१ ची निवडणूक हरले, त्यात याचाही वाटा होता. आज तिथे ताडाची झाडं आहेत, जुन्या ट्राम धावतात, फेरी बिल्डिंगमध्ये पाय ठेवायला जागा नसते. ते बांधकाम परत आणा म्हणणारं माणूस मला तरी भेटलेलं नाही. पण हेही सांगते, चायनाटाउनची तक्रार खोटी नव्हती. गाव जिंकलं, काही गल्ल्या हरल्या.

खडूस_काका

थोडक्यात, पाडायला भूकंप लागतो. टोरांटोत कुठून आणायचा? मागवता येतो का?

निवांत७७

सिएटललाही तेच. फेब्रुवारी २००१ चा भूकंप झाला आणि अलास्कन वे व्हायाडक्टचे दिवस भरले. पण दिवस भरल्यावरही अठरा वर्षं गेली! २००७ मध्ये लोकांना विचारलं, बोगदा हवा की नवा उंच रस्ता. लोक म्हणाले, दोन्ही नको.

शेवटी बोगदाच केला. त्यासाठी आणलेल्या यंत्राचं नाव बर्था, व्यास साडेसतरा मीटर. २०१३ च्या उन्हाळ्यात निघाली आणि डिसेंबरात अडकली. मध्ये एक जुना पोलादी पाइप आला होता. त्याच्यामुळेच बिघडली की आधीच बिघडलेली होती, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. दोन वर्षं बाईसाहेब जमिनीखाली बसून. आम्ही गंमत म्हणून विचारायचो, बर्था उठली का?

११ जानेवारी २०१९ ला व्हायाडक्ट बंद झाला. बोगदा ४ फेब्रुवारीला उघडला. मधले तीन आठवडे दोन्ही नाही. पेपरांत प्रलयाच्या बातम्या. आमच्या ऑफिसने सगळ्यांना घरून काम करा सांगितलं. पहिल्या सोमवारी मी मुद्दाम बाहेर पडलो गंमत बघायला. रस्ता नेहमीसारखाच. दिवसाला लाखभर गाड्या गेल्या कुठे?

खडूस_काका

गाड्या म्हणजे नळाचं पाणी नव्हे, की इथे बंद केलं तर तिथे फुटेल. गाड्या म्हणजे पाहुणे. खाट टाकली की राहतात, नाही टाकली की संध्याकाळच्या एसटीने परत जातात.

उगाच_एक

काका, हे वाक्य महापालिकेला पाठवा.

दुसरा_गियर

वाक्य छान आहे. पण त्या तीन आठवड्यांत पाहुण्यांनी घरून काम केलं, असं वरच लिहिलंय. माझा बॉयलर घरून दुरुस्त होत नाही. तुमच्या हिशेबात 'नाहीशी झालेली गाडी' म्हणजे कोणीतरी कुठेतरी जायचं टाळलेलं असतं. कोणी टाळलं, तेही मोजा.

रेवा_क

हा मुद्दा मान्य. मनापासून.

निवांत७७

मलाही. आणखी एक दुखणं सांगतो. व्हायाडक्टच्या वरच्या मजल्यावरून उत्तरेला जाताना एका बाजूला उपसागर, पलीकडे बर्फाचे डोंगर. फुकट. खटारा गाडी असो की बस, सगळ्यांना तेच दृश्य. आता ते कोणाला? खिडक्यांमागच्या फ्लॅटवाल्यांना. पाडायच्या आधी एक शनिवार-रविवार लोकांना वर चालू दिलं होतं. माणसं रडत होती, मीही थोडा. आणि वर्षानुवर्षं त्याला शिव्या घालणाऱ्यांत मी पहिला.

पाडल्यावर जे झालं तेही सगळं गोड नाही. २०२४ मध्ये बाजारापासून पाण्यापर्यंत उतरणारा सुंदर पूल झाला, बागा झाल्या. मासे जातात त्या कडेला फुटपाथमध्ये काचेच्या लाद्या बसवल्यात, खाली सामनच्या पिल्लांना उजेड मिळावा म्हणून. माशांचाही विचार केलाय, मान्य. पण फेरीच्या धक्क्यापाशी खालचा नवा रस्ता इतका रुंद आहे की ओलांडताना वाटतं, व्हायाडक्ट बरा होता, निदान डोक्यावर होता.

खांबेकर

या शेवटच्या वाक्यावर कोणीतरी थांबा रे.

झाडबुके

सगळे भूकंपाच्या गावांचंच सांगताहेत. न्यूयॉर्कचं ऐका. मॅनहॅटनच्या पश्चिमेला हडसनकाठी खांबांवरचा वेस्ट साइड हायवे. डिसेंबर १९७३ मध्ये एक ट्रक जात असताना तुकडा कोसळला. ट्रकमध्ये काय होतं? त्याच रस्त्याच्या दुरुस्तीचं डांबर.

उगाच_एक

औषध आणणाऱ्याच्या वजनाने पेशंट गेला.

झाडबुके

पुढची गोष्ट आणखी मजेची. त्या जागी नदीत भराव घालून 'वेस्टवे' नावाचा पुरलेला महामार्ग करायचा होता. खटला झाला आणि तो अडकला पट्टेरी बास माशांच्या पिल्लांवर. भराव घालणार तिथे ती हिवाळा काढायची. १९८५ ला प्रकल्प सोडून दिला. शेवटी झाला साधा सिग्नलचा रस्ता आणि कडेने बाग.

अभ्यासू_अण्णा

बोगदा, बोगदा म्हणणाऱ्यांनी बॉस्टन आठवावं. तिथल्या खांबांवरच्या महामार्गाचा हिरवा सांगाडा चालू ठेवून त्याच्याच खाली बोगदा खणला. ऑपरेशन करतानाही पेशंट ऑफिसला जातोय. पहिला अंदाज तीन अब्ज डॉलरच्या आत, शेवटी १४ अब्जांच्या वर. बरं, वर झालेली बाग खरंच देखणी आहे, त्यात वाद नाही. पण २००६ मध्ये त्याच प्रकल्पातल्या दुसऱ्या एका बोगद्याच्या छताचे स्लॅब सुटून गाडीवर पडले आणि एक बाई गेली. जमिनीखाली टाकलं म्हणजे देखभाल संपली, असं नाही. दिसायची बंद होते फक्त.

आणि रेवा_क यांनी सांगितलंच आहे, आपल्याकडे खाली सगळा भराव, तळं शेजारी. तिथे बोगदा म्हणजे विहिरीत तळघर.

सायकलवाली_सुमी

जूनमधल्या त्या रविवारी गार्डिनर आणि डॉन व्हॅली महामार्ग गाड्यांना बंद करून सायकलींना देतात, त्यात कोणी जातं का? हृदयरोगाच्या निधीसाठीची राइड. मी चार वर्षं जाते. पहाटेची वेळ, वर चढलं की एका बाजूला गाव, इमारतींच्या फटींतून तळं. पायाखाली जॉइंट आला की 'टक-टक', पुढचा आला की पुन्हा 'टक-टक'. गाडीत हे ऐकू येत नाही. त्या तीन तासांत मला वाटतं, हा पाडू नका, आम्हालाच द्या.

आणि हिवाळ्यात फोर्ट यॉर्कपाशी बेंटवेवर जा. गार्डिनरच्या खाली आठाच्या आकड्यासारखा बर्फाचा मार्ग करतात, लेकरं स्केटिंग करतात. २०१८ ला उघडलं. एका दांपत्याने त्यासाठी अडीच कोटी डॉलर दिले. खांब आणि वरची आडवी तुळई मिळून जी चौकट होते तिला बेंट म्हणतात, त्यावरून नाव. डोक्यावर पाच मजले उंच छत, म्हणजे हिमवर्षावातही कोरडं. देवळाच्या सभामंडपात उभं असल्यासारखं वाटतं. पाडायला निघालेल्यांनी हे बघितलंय का?

पिंपळगावकर_शमा

बघितलंय आणि आवडलंय. पण सुमी, बेंटवेवर सगळं छान होतं याचं कारण तिथे खाली लेक शोअर नाही. तो रस्ता तिथे आणखी दक्षिणेने जातो, म्हणून खालची जमीन मोकळी मिळाली. यॉर्क, बे, यंगपाशी छताखाली मोटारीच आहेत. तिथे कुठलं स्केटिंग?

मी रात्रपाळी करते. साडेअकराला सुटते आणि बे स्ट्रीटच्या बोगद्यातून, मग गार्डिनरखालून घरी जाते, कारण घर हार्बरच्या बाजूला. तुम्ही सगळे वरचं बोलताय. खालचं मी सांगते. खांब इतके जाड की मागे कोणी उभं आहे का दिसत नाही. वर थडथड, त्यामुळे मागून पाऊल वाजलं तरी कळत नाही. वळणाऱ्या गाडीला माणूस ओलांडत असेल ही कल्पनाच नसते, ती रॅम्पच्या वेगातच वळते. फोन कानाला लावून खोटंखोटं बोलत जाते मी. बहुतेक वेळा "हो आई, पोचलेच" एवढंच. आई झोपलेली असते भारतात. म्हणजे उठलेली असते. असो.

मला बाग नको, शिल्प नको. एक, दिवे. दोन, वळायच्या जादा लेन काढा. तीन, सिग्नल माणसासाठी लवकर हिरवा करा. या तीन गोष्टींना काय बोगदा खणावा लागतो?

रेवा_क

+१००. आणि हे होतं, झालेलं आहे. यॉर्क-बे-यंगचा गोल फिरून उतरणारा रॅम्प आठवतो? २०१७ मध्ये पाडला. त्या गोलाच्या जागी, यॉर्क आणि क्वीन्स की च्या कोपऱ्यावर, २०२३ मध्ये लव्ह पार्क उघडलं. मध्ये बदामाच्या आकाराचं तळं. क्लोद कोर्मिए यांनी रचलेलं. दुपारी तिथे डबा खाणाऱ्यांनी कठडा भरलेला असतो. वरचा रस्ता जागेवरच आहे. फक्त एक रॅम्प गेला.

तळ्याकाठचा

अरे, आम्ही त्याच बागेतून पाण्याकडे गेलो होतो! आईने बदामाच्या कठड्यावर बसून फोटो काढला, बाबांना ओढून शेजारी बसवलं. तिथे आधी रॅम्प होता हे माहीतच नव्हतं.

अभ्यासू_अण्णा

आता जरा राजकारण, कारण त्याशिवाय धागा पूर्ण होत नाही.

२०१५ मध्ये जार्विसच्या पूर्वेच्या तुकड्याचा निर्णय होता. पाडून खाली रुंद रस्ता करायचा, की 'हायब्रिड' म्हणजे ठेवायचा पण थोडा सरकवायचा. सकाळी डाउनटाउनला येणाऱ्यांपैकी त्या तुकड्यावरून येणारे सुमारे ३ टक्के. पाडला तर त्यांना तीन ते पाच मिनिटं जास्त, असा महापालिकेचा स्वतःचा अंदाज. दीर्घकाळाचा खर्च ठेवण्यात जवळपास दुप्पट. तरी सभागृहाने २४ विरुद्ध २१ मतांनी ठेवायचं ठरवलं.

बरं, ठेवायचा तर पैसे कुठून? २०१६ मध्ये त्याच सभागृहाने टोल लावायचं ठरवलं. जानेवारी २०१७ मध्ये प्रांताच्या तेव्हाच्या प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) कॅथलीन विन यांनी नाही म्हटलं. म्हणजे पाडायचा नाही, टोल घेऊ द्यायचा नाही, दुरुस्ती मात्र मालमत्ता कर भरणाऱ्यांनी करायची. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये महापौर ओलिव्हिया चाउ आणि प्रीमियर डग फोर्ड यांचा करार झाला, गार्डिनर आणि डॉन व्हॅली प्रांताने घ्यायचे. महापालिकेचा बोजा उतरला. पण त्याबरोबर पाडायचा की नाही हा प्रश्नही क्वीन्स पार्कला, म्हणजे प्रांताच्या विधानसभेकडे गेला, आणि तिथे बसणाऱ्यांची बहुतेक मतं गाडीतून येतात.

खडूस_काका

थोडक्यात म्हातारा एका भावाने दुसऱ्या भावाकडे पाठवला. आता औषधपाणी तो बघेल, घराची वाटणी मात्र कोणी विचारायची नाही.

दुसरा_गियर

काका आज फॉर्मात.

मी टोल द्यायला तयार आहे, खरंच. माझा वेळ त्याहून महाग. पण मग खाली शमाताईंचे दिवे त्याच पैशातून लावा.

उगाच_एक

थांबा, थांबा. दुसरा_गियर यांनी टोलला हो म्हटलं? स्क्रीनशॉट घेतलाय. पॉपकॉर्न वाया गेले.

कोरियाकन्या

सोलचं कोणीच काढलं नाही म्हणून. माझा नवरा तिथला, मी तिथे पाच वर्षं होते. चंग्येचन हा ओढा बुजवून वर रस्ता, त्याच्यावर उंच महामार्ग. २००३ ते २००५ मध्ये सगळं काढून ओढा उघडा केला, साधारण पावणेसहा किलोमीटर. महापौर ई म्यंग-बाक पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. (सॅन फ्रान्सिस्कोचे हरले, हे जिंकले. म्हणजे रस्ता पाडला की काय होतं याचा नियम नाही!) उन्हाळ्यात पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसलं की वरच्या रस्त्याचा उकाडा विसरायला होतं.

पण माझे सासरे अजून नाक मुरडतात. एक, पाणी ओढ्याचं नाही, बरंचसं पंपाने हान नदीतून आणून सोडलेलं. ते म्हणतात, लांबच लांब कारंजं आहे ते. दोन, कडेला दुकान मांडणारे हजारो फेरीवाले. त्यांना एका जुन्या स्टेडियमवर जागा दिली, मग ते स्टेडियमही पाडलं. सासऱ्यांचा मित्र तिथे कुलपं विकायचा. दोनदा उठला, तिसऱ्यांदा बसला नाही.

पालोआल्टोची_मावशी

गाव जिंकलं, काही गल्ल्या हरल्या. सगळीकडे तेच बघ.

शब्दखुणे

मधल्या काळात सुचलेला शब्द: अधांतरी मार्ग.

खडूस_काका

हा बरा आहे. मंजूर.

तळ्याकाठचा

धागा काढून गप्प बसलो होतो कारण मधल्या पोस्टी वाचून माझंच डोकं अधांतरी झालं. म्हणून परवा घड्याळ लावून गेलो. युनियनच्या दारापासून पाण्याच्या कठड्यापर्यंत, यॉर्क स्ट्रीटनेच. जाऊन-येऊन दोनदा.

एका वेळेला साधारण अकरा मिनिटं. त्यातली चारेक मिनिटं सिग्नलला उभं राहण्यात. रेल्वेखालचा बोगदा दीड मिनिट. आणि गार्डिनरच्या छताखाली? वीस सेकंद. ज्याच्यावर मी धागा काढला तो एवढाच. थडथड आणि अंधारामुळे तो मोठा वाटतो.

तेव्हा मत थोडं बदललंय. उद्या पाडला आणि खाली आठ-दहा लेनचा रस्ता झाला, तर आई-बाबांना ओलांडताना आणखी वेळ लागेल. निवांत७७ यांनी फेरीच्या धक्क्याचं लिहिलंय तेच होईल. म्हणून आता माझी मागणी अशी, आधी शमाताईंच्या तीन गोष्टी. वरचा रस्ता पूर्वेकडून एकेक रॅम्प कमी करत आणायचा. डेक-गर्डर नुकते बदललेत तिथे तो त्यांचं आयुष्य जगू दे, पण पुढच्या वेळी बदलायची वेळ येईल तेव्हा बदलायचा नाही, उतरवायचा. आणि तोवर शिडीवाल्यांसाठी पर्याय तयार ठेवायचा. दुसरा_गियर, चालेल?

दुसरा_गियर

पुढच्या वेळेपर्यंत मी निवृत्त होईन, त्यामुळे आनंदाने चालेल.

खांबेकर

हे सगळं बैठकीत म्हणायला सोपं आहे. 'पुढच्या वेळी' हा शब्द या पुलाच्या फायलीत इतक्यांदा आलाय की त्याच्यावर वेगळा टॅब लावलाय. पण हो, तुमचा क्रम बरोबर आहे. जमीन आधी.

पिंपळगावकर_शमा

माझ्या यादीत चौथं घाला, जॉइंटखाली पन्हळ. दर वितळणीला डोक्यावर ते गार खारं पाणी पडतं, नेमकं मानेत.

तळ्याकाठचा

त्यावरून आठवलं. बाबा आता साताऱ्याला परत गेलेत, पण दर आठवड्याला विचारतात, "आपला खांब कसा आहे?" परवा फोटो पाठवला. उघड्या सळईवर ताजं ठिगळ मारलंय, करड्यावर फिकट करडं. म्हटलं, बघा, केलं काम.

त्यांनी फोटो मोठा करून त्यावर बोटाने लाल गोल काढून परत पाठवला. ठिगळाच्या डाव्या अंगाला, वीतभर वर. खाली लिहिलं होतं: "हे नवीन आहे. मे महिन्यात नव्हतं. ओल सरकली आहे."

दुसरा_गियर

कुठला खांब ते नेमकं सांगा हो. उद्या सात वाजता मी त्याच्यावरूनच जाणार आहे.